आमच्याच सोयाबीनवरून घसरलेली गाडी

मला गाडीत बसायची भीती कधी नव्हती. बैलगाडीतून माहेरी गेले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून लग्नांना गेले, एस.टी.त दाराशी लटकले. ही भीती मला म्हातारपणी लागली. तिची जागासुद्धा सांगता येईल: गावातून अहमदपूरकडं निघालं की आमच्या शेताजवळचं ते वळण.

दसऱ्याला सुनेच्या गाडीची पूजा मीच केली होती. डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळं माझं निम्मं बघणं हातानं चालतं. कुंकू लावताना बोट टायरवरून फिरवलं तर ते सरकतच गेलं. शेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या टायरात बोट पेरापर्यंत आत जातं. इथं कुठंच अडकलं नाही. मला वाटलं, पोरीनं किती स्वच्छ धुतलंय! चारी चाकांखाली लिंबं ठेवली, हात जोडले आणि घरात गेले. आता तो हात आठवला की अंगावर काटा येतो.

दसऱ्यानंतर आमची सोयाबीन निघाली. आमच्याकडं सोयाबीन वाळवायला डांबरी रस्त्यासारखी जागा नाही असं सगळे मानतात, मीही मानत होते. डांबर तापतं, दोन दिवसांत दाणा खणखणीत वाजतो. अर्ध्या रस्त्यावर पसरायची, कडेनं दगडं मांडायची, गाडीवाले जातात आपले बाजूनं. कोणी हॉर्न वाजवला की आम्हीच त्याला दटावायचो, "दिसंना का, वाळवण हाय ते?" वळणाजवळची आमची जागा मीच ठरवली होती, तिथं झाडाची सावली पडत नाही म्हणून.

त्या संध्याकाळी ढग आले. घाईघाईनं सोयाबीन ओढली, रस्त्याच्या कडेला ढीग केला, वर ताडपत्री टाकली. रस्त्यावर मूठ-मूठ दाणे राहिले, त्यांच्यासाठी कोण थांबतंय? रात्रभर पाऊस पडला.

सकाळी मला लातूरला डोळ्याच्या डॉक्टरांकडं जायचं होतं. मुलगा नोकरीवर बाहेरगावी असतो, गाडी सूनच चालवते. शाळेत शिक्षिका आहे, गाडी क्लास लावून शिकलेली. ती सावकाश चालवत होती आणि मी शेजारी बसून तिच्या मागं लागले होते.

"काय मुंगीच्या चालीनं चालवायलीस? नंबर जाईल माझा."

"रस्ता ओला आहे, आत्याबाई. ट्रॅक्टरनी चिखल आणून टाकलाय."

"चिखल काय आज बघायलीस का? हाण जरा."

बिचारीनं थोडी हाणली.

वळणावर गाडी वळली आणि मागून कोणीतरी तिला ढकलल्यासारखं झालं. आवाज नाही, धक्का नाही. चाकं फिरत होती का नव्हती, देव जाणे, पण गाडी तिरकी होऊन आपल्या आपण चालली होती. रात्रभर भिजून फुगलेले ते दाणे साबणासारखे झाले होते. आमचे दाणे. खिडकीतून माझीच निळी ताडपत्री मागं जाताना दिसली.

आणि समोर रस्त्यावर लाल लुगडं. माझी धुरकट नजर, पण ते लुगडं मी ओळखलं. भावकीतली माझी जाऊ, आमच्या ढिगाच्या पुढं तिची सोयाबीन असायची. पाठमोरी वाकून खराट्यानं पाणी लोटत होती. कानानं मंद. हॉर्न वाजला, तिनं मानही वळवली नाही.

मी ओरडले, "ब्रेक मार! अगं माय, ब्रेक मार!"

सुनेनं आधी ब्रेक दाबलेलाच होता. मी ओरडले तेव्हा तिनं उलटा पाय उचलला. मला वाटलं, पोरीला वेड लागलं, ही आता माझ्या जावेला मारते. मी डोळे मिटले. माझा पाय खालच्या पत्र्यावर इतका दाबला होता की पुढं चार दिवस पोटरी दुखत होती. लुगडं तेवढं मिटलेल्या डोळ्यांपुढं लाल राहिलं.

मग खडखड आवाज झाला, कडेची दगडं उडाली, आणि गाडी डाव्या अंगाला काळ्या मातीत रुतून थांबली.

जाऊ गाडीच्या तोंडापासून हातभर लांब उभी होती. खराटा तसाच हातात.

"डोळे फुटले का गं बायांनो? वाळवण दिसंना?" ती ओरडली. मग आत मला बघितलं. "अगं अक्का! तू हाईस व्हय?"

मी खाली उतरले, चिखलातच बसले आणि तिचे पाय चाचपू लागले. दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे.

"सोड की! काय झालंय हिला? लागलं न्हाई मला," ती म्हणाली, आणि बोलता बोलता माझ्याशेजारी चिखलातच बसली.

सून स्टिअरिंग धरून बसली होती. हळूच म्हणाली, "ब्रेक दाबून धरला असता तर सरळ त्यांच्यावरच गेलो असतो, आत्याबाई. चाक फिरलं तरच वळतं."

म्हणजे तिनं माझं ऐकलं असतं तर. ते वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही.

लातूर राहिलं. गाडी ट्रॅक्टरनं ओढून काढली आणि हळूहळू अहमदपूरला टायरवाल्याकडं नेली. त्यानं चाकांवरून हात फिरवला, हसला. "आजी, हे टायर गोटा झालेत, पार गोटा. यावर पोळी लाटा तुम्ही. ही नक्षी असती ना, तीच पाणी बाहेर काढती. नक्षी गेली की गाडी रस्त्यावर न्हाई, पाण्यावर चालती."

मी त्याला म्हटलं नाही की हे माझ्या बोटाला आठ दिवसांआधी कळलं होतं. सुनेला मात्र नवे टायर घालून परत येताना सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मीसुद्धा बघितलं नव्हतं की."

घरी येऊन मी आणि जाऊ दोघी खराटे घेऊन त्या वळणावर गेलो. भिजलेला दाणा डांबराला चिकटून बसतो, नखानं खरवडावा लागतो. जाऊ म्हणाली, "एवढ्या दाण्यांचं काय करायलीस? कोंबड्या खातील." मी म्हटलं, "तू कडेला हो आधी. गाडी येईल." गाडी नव्हतीच. तरी तिला धरून कडेला ओढलं.

आता आमची सोयाबीन अंगणात ताडपत्रीवर वाळते. चार दिवस जास्त लागतात, मुलगा फोनवर कुरकुरतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं, स्वच्छ दिसतं. तरी गाडीत बसण्याआधी मी चारी टायरांच्या नक्षीत बोट घालून बघते. सून खिडकीतून बघत राहते, घाई करत नाही. आणि ते वळण आलं की माझा उजवा पाय अजून खाली दाबला जातो. मग मी तो मुद्दाम उचलून धरते, वळण मागं पडेपर्यंत.