सुखदेव मिस्त्रींचा पहिला वानवळा

निघताना साहेबांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड माझ्या हाती ठेवला. म्हणाले, "आठ दिवस आहेत. नवव्या दिवशी आलात तर काय आणलंत ते मला दाखवूही नका."

साहेब मुंबईत पेटंटचे वकीलपत्र घेतात. मी त्यांच्याकडे यंत्रांचे नकाशे काढतो. वीस वर्षं कागदावर स्क्रू आणि स्प्रिंगा काढल्या, पण ती यंत्रं करणाऱ्या माणसांच्या गावी जायची वेळ कधी आली नव्हती. या वेळी आली, कारण कचेरीत दुसरं कुणी मराठवाड्यात जायला तयार होईना. मीही खुशीने गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मनमाडला गाडी बदलून छोट्या गाडीनं जालन्याला उतरलो तेव्हा दिवस चांगला वर आला होता. थंडीचे दिवस, पण ऊन टोचत होतं. स्टेशनात पोहे खाल्ले, दोन चहा घेतले आणि टांग्यानं गावाबाहेर नव्यानं वसलेल्या एमआयडीसीकडे निघालो. तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये सुखदेव मिस्त्री वायरमन होते. त्यांच्याच अर्जासाठी मी आलो होतो.

मिलच्या दारातूनच तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. आत पाय ठेवला आणि जमीन हादरत असल्याचं तळपायाला कळलं. मिस्त्री बाहेर आले. चाळिशीचे, सडपातळ, खाकी शर्ट, खिशात टेस्टर. त्यांनी कोपऱ्यातल्या मोटारीकडे बोट दाखवलं.

"बघा साहेब, हितं रोज हादरा. वायरीचा जोड ढिला होऊन जायचा, ठिणगी पडायची. एक गडी हातानं जोड आवळायला गेल्ता, हात भाजून बसला. तव्हा डोक्यात आलं."

डोक्यात आलेलं ते काम त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी त्याचा नकाशा काढला होता, वस्तू पहिल्यांदाच पाहत होतो. वायरीचे दोन तुकडे जोडणारा मुठीएवढा जोड. वरून एक फिरती बाही. बाहीच्या आत बारीक दात आणि एक स्प्रिंगची पत्ती. बाही फिरवली की कट कट आवाज करत आवळत जाते आणि मागे फिरत नाही. कितीही हादरे बसले तरी जोड ढिला होत नाही. सोडवायचा असेल तर नखानं एक खटका दाबायचा. मी चार वेळा आवळला, चार वेळा सोडला. खोटं कशाला सांगू, हातातून खाली ठेवावासा वाटेना.

मिलमधल्या एका इंजिनिअरच्या सांगण्यावरून मिस्त्रींनी गेल्याच्या आदल्या साली जुलैत पेटंटसाठी अर्ज केला होता. तो मान्य होत आला होता. तेवढ्यात मुंबईच्या एका कारखान्यानं हरकत घेतली. वस्तू नवी नाही, अर्जाच्या आधीपासून लोक ती उघड वापरत आहेत, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून केदारखेडा गावच्या पाच शेतकऱ्यांच्या जबान्या जोडल्या होत्या. पाचही जण म्हणत होते, हा जोड आम्ही तीन वर्षं वापरतो. त्याला उत्तर द्यायला आठच दिवस उरले होते.

कायदा या बाबतीत कडक आहे. अर्जाच्या दिवसाआधी वस्तू लोकांच्या हातात खुली गेली असेल, तर ती नवी राहत नाही आणि पेटंट मिळत नाही. मी मिस्त्रींना सरळ विचारलं, "जुलैच्या आधी कुणाला विकला होता?"

"बिलकुल न्हाई. आजवर एक बी विकला न्हाई."

मी तसं लिहून घेतलं. दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, तो मला सुचला नाही. वीस वर्षांच्या नोकरीची ही कमाई.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री रजा टाकून माझ्याबरोबर केदारखेड्याला निघाले. ते त्यांचं जन्मगाव, भोकरदनच्या वाटेवरचं. दुष्काळाच्या कामावर लोकांनी फोडलेली खडी अजून रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडली होती. काही खडी रस्त्यावर होती आणि बाकीची, असं वाटलं, एसटीच्या सीटखाली. एका दणक्यात माझी बॅग उलटली, शाईचा पॅड उघडला आणि माझी एकुलती चांगली पँट मांडीवर जांभळी झाली. मिस्त्रींनी तोंड फिरवून हसू लपवलं. मला राग आला, पण तो पँटचा होता की मुदतीचा, सांगता यायचं नाही. आठातले दोन दिवस गेले होते.

गावात रंगनाथअण्णांच्या ओसरीवर बसलो. अण्णा सत्तरीचे, गावातले जुने जमीनदार, पाचांतली पहिली जबानी त्यांचीच. त्यांनी मला बाजेवर बसवलं. मिस्त्री खांबाला टेकून उभे राहिले. अण्णा दोनदा "बस की रे सुखदेव" म्हणाले, तेव्हा ते बाजेच्या कडेवर बसले. भाकरी, ठेचा आणि घट्ट दही आलं. मी ताट बाजूला सरकवून जबानीचा कागद काढला.

"अण्णा, तुम्ही तीन वर्षं वापरता असं लिहून दिलंत?"

"दिलं की!" अण्णांची छाती फुगली. "मुंबईहून एक जण आल्ता, सूटबूटवाला. पुसून राह्यला, कव्हापासून वापरता? म्या समजलो, ह्यो सुखदेवच्या हक्कावर घाव घालाया आलाय. मंग म्या बी पक्का. दीड साल वापरून राह्यलो, पण तीन लिव्हून दिले. बाकीच्या चौघांना बी तसंच सांगितलं."

"पण का?"

अण्णांनी माझ्याकडे शहरातल्या अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "साहेब, माझी बारा एकर कुळाकडं गेली. का? त्याची वहिवाट जुनी निघाली म्हणून. कोर्टात म्या रडलो, न्हाई ऐकलं. जेवढी वहिवाट जुनी तेवढा हक्क पक्का. कायदा मला घर विकून कळलाय."

मी कपाळाला हात लावला. जमिनीचा कायदा आणि शोधाचा कायदा नेमके उलट दिशांनी चालतात, हे या म्हाताऱ्याला कोण सांगणार? आणि सांगितलं मीच. ऐकता ऐकता अण्णांचा चेहरा पडला. "म्हंजी म्या सुखदेवचा गळा कापला?" ते इतकं हळू म्हणाले की मला त्यांच्यावर चिडताही येईना.

तेवढ्यात माझी नजर ओसरीसमोरच्या विजेच्या खांबावर गेली. खांबाचा रंग अजून ताजा होता.

"अण्णा, गावात वीज कधी आली?"

"परारच्या (गेल्याच्या आदल्या सालच्या) पोळ्याला. बैलांच्या मिरवणुकीतच दिवे लागले."

मी उठून उभाच राहिलो. अर्ज जुलैतला, पोळा त्याच्या नंतरचा. वीजच नव्हती तर जोड वापरणार कशाला? पाचही जबान्या एका खांबानं आडव्या केल्या होत्या. मी भराभर नवे कागद लिहिले, पाच जणांचे अंगठे आणि सह्या घेतल्या, आणि मग मात्र दही वाटी पुसून खाल्लं.

निरोप देताना अण्णा मिस्त्रींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आमचे तर पोळ्यानंतरचे बाबा. पहिला वानवळा (शेतात पहिलं पिकलेलं आप्तांना, शेजाऱ्यांना देतात तो) तर ह्यानं बहिणीला धाडला. घनसावंगीला."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. "कधी?"

"परारच्या जयंतीला. चौदा एप्रिलला ती जालन्याला आल्ती तव्हा." मग माझा चेहरा पाहून ते गडबडले. "पण विकला न्हाई, साहेब. तुम्ही विकण्याचं पुसलं हुतं."

चौदा एप्रिल. अर्जाच्या आधी तीन महिने.

आम्ही तसेच घनसावंगीला निघालो. एसटी वाटेत बंद पडली, उरलेला पल्ला एका जीपमध्ये कोंबून घेऊन काढला. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, पुढे गोदावरीकडे ऊस. एरवी मी याचं चार ओळी कौतुक केलं असतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात एकच प्रार्थना करत होतो, की बहिणीकडचा जोड साधा, बिनदातांचा निघावा.

मिस्त्रींची बहीण कौतिकाबाई. त्यांचे यजमान शाळामास्तर, थोडी शेती. आम्ही गेलो तेव्हा त्या शेतात हुरडा भाजत होत्या. "दादा, न कळवता आलास!" म्हणत त्यांनी राखेतून गरम कणसं काढली, हातावर चोळून दाणे माझ्या पुढ्यात टाकले. "भाऊ, आधी खा. काम पळून जात न्हाई."

काम विहिरीच्या काठावरच होतं. पायवाटेला लागून उघड्यावर मोटार, आणि तिच्या वायरीवर तो जोड. मी मोटार बंद करायला सांगितलं, वाकलो आणि बाही फिरवली.

कट. कट.

"जयंतीपासून हाय," कौतिकाबाई अभिमानानं म्हणाल्या. "येनारा जानारा थांबून पुसतो. म्या सगळ्यांना खोलून दाखवते."

यापेक्षा उघड वापर तो काय असणार? मी मिस्त्रींना बाजूला घेतलं. आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. मी म्हणालो, "सुखदेवराव, एक वाट आहे. उघड्यावर चाचणी घेणं गरजेचंच असेल, तर कायदा वर्षभराची सूट देतो. तुम्ही बहिणीला तो चाचणीसाठी दिला होता, एवढं लिहू. त्या कारखान्याला हे ठिकाण माहीतही नाही. फक्त चाचणी हा एक शब्द."

त्यांनी वाकून जोडावरची धूळ पुसली. मला वाटलं, जमलं.

"चाचणी म्या मिलमध्ये केल्ती, साहेब. चार महिने, स्वतःच्या हातावर. ज्या चिजेचा भरोसा न्हाई ती बहिणीच्या हातात देईन व्हय? पाण्याजवळ? तिची लहान पोरं हितं खेळत्यात."

"मी फक्त कागदावर..."

"कागदावर बी न्हाई. तसं लिव्हलं तर म्या बहिणीवर करंट तपासून पाह्यला असं होईल."

कौतिकाबाईंना काहीतरी बिनसल्याचं कळलं. त्या म्हणाल्या, "अडचण हाय का दादा? मंग काढून विहिरीत टाकते मी, जल्दी."

"हात लावू नको," मिस्त्री म्हणाले. "मोटार चालू कर. उसाला पानी चाललंय."

मी तिथेच हुरड्याच्या धुराशेजारी बसून त्यांची जबानी लिहिली. चौदा एप्रिल लिहिलं. विक्री नाही, चाचणी नाही, वानवळा. मिस्त्रींनी वाचून सही केली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

परतीच्या एसटीत त्यांनी विचारलं, "मंग आता कुनी बी बनवू शकंल?"

"हो."

"त्यो हरकतवाला कारखाना बी?"

"तोही." मला इतका संताप आला होता की खिडकीबाहेर पाहूनच बोललो.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्यांना एक लिव्हा साहेब. पत्ती जाड घ्या म्हनावं. पातळ घेतली तर दात सटकतो, जोड आतून जळतो. मानसाच्या हाताशी येतं ते."

मुंबईला मी सातव्या दिवशी पोचलो. साहेबांनी कागद वाचले, वानवळ्यापाशी थांबले, अर्थ विचारला. मी सांगितला. ते चष्मा पुसत बसले आणि मग म्हणाले, "पाठवा." अर्ज फेटाळला गेला. मी कारखान्याला पत्तीबद्दल पत्र लिहिलं, पोच आली नाही.

वर्षभरानं तो जोड मुंबईच्या बाजारात दिसला, चकचकीत खोक्यात. मी एक घेतला, घरी आणून आवळला. तिसऱ्या कटला बाही मागे घसरली. तो तसाच पुडक्यात बांधून जालन्याला पाठवला, का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्या सुंदर अक्षरात एवढंच होतं: "पत्ती पातळच घेतली त्यांनी. तुमचा बदलून पाठवतो, तवर वापरू नका. बहिणीचा चालू आहे."