जोलीनच्या वाट्याची तीन मिनिटं

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको. आमच्या आल्डर क्रीकच्या शाळेत, भर सभेत, जोलीन स्किबाला जे लोक वाट्टेल ते बोलले, त्यांत मी होतो. मागे तोंड लपवून नाही, चांगला पुढे होतो. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, तोंड मात्र शाबूत. चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलाय मी. विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात वेंडेल ऑस्टबीचा आवाज न ओळखणारा एक गोठा दाखवा.

जोलीन आमच्या काउंटीची आरोग्य अधिकारी. हुद्दा मोठा, काम नर्सचं. चीज कारखान्यातल्या स्टॅन स्किबाची ही धाकटी. नर्सिंग शिकायला बाहेर गेली तेव्हा सगळे म्हणाले, गेली ही, आता कसली परत येते. शिक्षण संपल्या संपल्या बाई हजर! तेव्हापासून पोरांना लसी टोचायच्या, डोक्यातल्या उवा बघायच्या, विहिरींचं पाणी तपासायचं, बाळंतिणीकडे बर्फातून गाडी घालायची, हेच. "या गावातल्या निम्म्या लोकांची तोंडं तिच्या लक्षात नसतील, ढुंगणं पक्की लक्षात आहेत," असं माझी बायको मर्ना म्हणायची. आमच्या कर्टला शाळेत सुई मारली तीही जोलीननंच. तो पळत सुटला तर ही त्याच्यामागे मैदानभर धावली होती, पण सुई मारूनच थांबली.

मग ती साथ आली आणि वर्षभरात हीच जोलीन गावाची वैरीण झाली. मॅडिसनहून राज्य सरकारचा एक कागद यायचा, वॉशिंग्टनहून दुसरा, त्यातला एक कोर्ट रद्द करायचं, आणि सगळं झेंगट शेवटी काउंटीच्या गळ्यात. काउंटी म्हणजे कोण? जोलीन, एक कारकून आणि दिवसभर कोकलणारा एक फोन. बारवाले म्हणायचे, हिनं आमचं दुकान बसवलं. शुक्रवारी तळलेले मासे खायला बारमध्ये गर्दी करायची आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, आणि आता तेच मासे डब्यात भरून गाडीच्या खिडकीतून घ्यायचे! दुसरीकडे निवृत्त मास्तरणी म्हणायच्या, ही फार ढिली आहे, सगळ्यांना मारेल एक दिवस. कुणीतरी तिच्या घरासमोर 'हुकूमशहा' असा बोर्ड रोवला. वाऱ्यानं तो उडाला, तर बाईनं उचलून ज्याचा होता त्याच्या दारात नेऊन दिला. "तुमचा बोर्ड पडला होता," म्हणाली. तो माणूस आजही ही गोष्ट सांगताना लाजतो.

माझं भांडण बारचं नव्हतं, मास्कचं तर नव्हतंच. माझी मर्ना काउंटीच्या वृद्धाश्रमात होती. तिला विसरायला होऊ लागलं होतं. गॅस चालू राहायचा, ती बर्फात अनवाणी बाहेर जायची. मला एकट्याला जमेना, म्हणून साथीच्या आदल्या वर्षी तिला तिथे ठेवली. रोज दुपारी जाऊन शेजारी बसायचो. मग दार बंद झालं. त्यानंतर वर्षभर मी रोज दोन वाजता घडीची खुर्ची घेऊन तिच्या खिडकीबाहेर बसलो. थंडीत, बर्फात, डासांत. आत ती, बाहेर मी, मध्ये काच. फोन कानाला लावून बोलायचं, पण तिला फोन कशासाठी असतो तेच आठवेनासं झालं. फेब्रुवारीत एका दुपारी तिनं माझ्याकडे बोट दाखवून आतल्या ट्रूडीला काहीतरी विचारलं. ट्रूडी तिथली सेविका. मी फोनवर तिला विचारलं, काय म्हणाली गं? ट्रूडी आधी सांगेना. मग म्हणाली, "वेंडेल, ती विचारत होती, तो बाहेर बसलेला माणूस कोण आहे."

त्या दिवशी माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला एवढंच कळत होतं, की दार लवकर उघडलं नाही तर मी आत जाईन तेव्हा तिथे मला ओळखणारं कुणी नसेल. आणि दाराची किल्ली जोलीनच्या हातात! नोव्हेंबरमध्ये त्याच वृद्धाश्रमात तिचा बाप स्टॅन गेला. दफनाला दहाच माणसं होती. मी मनात म्हटलं, हिच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र, ही आत गेली असणार, बापाचा हात धरून बसली असणार. आम्हीच काय ते काचेपलीकडचे. ते मनात कुजत राहिलं.

मार्चमध्ये आजारी माणसांचे आकडे उतरले आणि काउंटी बोर्डानं सभा लावली: निर्बंध काढायचे की ठेवायचे. गर्दी होणार म्हणून शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये. खुर्च्या लांब लांब, दारात हात धुवायचं औषध, शेजारी टेबलावर कागदांचा गठ्ठा. ज्याला बोलायचं त्यानं यादीत नाव लिहायचं, माईकसमोर नाव-पत्ता सांगायचा आणि तीन मिनिटं बोलायचं. ती तीन मिनिटं चक्क स्कोअरबोर्डवर लावली होती. वेळ संपली की भोंगा असा वाजायचा, की माझ्यासारख्याचा जीव जायचा. आणि नियम असा, की अधिकाऱ्यांनी नागरिकांना उलट उत्तर द्यायचं नाही. जोलीन पुढच्या टेबलाशी, हात मांडीवर ठेवून, मुकाट बसली होती.

मला बोलायचं ते लिहून घ्यायला हवं होतं, नाहीतर मी भरकटतो. टेबलावरचा एक कागद उचलला, मागची बाजू कोरी होती, त्यावर लिहून काढलं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. दोघांनी घडी घालून डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली सारला, एकीनं त्यावर च्युइंग गम चिकटवला.

दोन तास तोंडाचे पट्टे सुटले होते. "आमच्या धंद्याची माती केलीस!" "तुला कुणी निवडून दिलंय?" "माझा भाऊ गेला, आणि तुम्ही आता सगळं मोकळं सोडणार?" एक जण घटना वाचायला लागला, भोंग्यानं त्याला पहिल्याच कलमात गप्प केलं. बोर्डाचा अध्यक्ष डेलबर्ट हेंके नुसता हातोडा आपटत होता.

माझा नंबर एकोणतिसावा. मी माईकपुढे गेलो, कागद डोळ्यांसमोर धरला आणि सुरू झालो. "जोलीन, तू जेलर आहेस," मी म्हणालो. "माझ्या बायकोनं काय गुन्हा केलाय? चोपन्न वर्षं संसार केला, आणि आता तिला काचेतून बघायचं? तू मात्र गळ्यात बिल्ला अडकवून आत गेलीस, आपल्या बापाचा हात धरलास. आमच्या माणसांना हात नाहीत का?"

जोलीननं माझ्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती, एकटक. मला वाटलं, शरमली. बरं वाटलं मला! खरं तेच सांगतोय, फार बरं वाटलं.

शेवटी डेलबर्टनं यादी पाहिली आणि गोंधळला. "चाळीस नंबर... जोलीन, हे तुझंच नाव आहे."

"हो," ती उठली.

"अगं, अधिकाऱ्यांनी नागरिकांना उत्तर द्यायचं नसतं. नियम आहे."

"मी उत्तर देत नाहीये, डेलबर्ट. मीही इथली नागरिक आहे, कर भरते. रांगेत उभं राहून नाव लिहिलंय." ती फिरून माईकपाशी आली, इतर सगळे जिथे उभे राहून बोलले होते तिथेच. "जोलीन स्किबा, चारशे बारा, मेपल रस्ता. मला काही बोलायचं नाही. माझी तीन मिनिटं मी वेंडेल ऑस्टबींना देते."

लोक हसायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून शिव्या हव्यात का हिला?"

"वेंडेल," ती म्हणाली, "तुमच्या हातातला कागद उलटा करून जरा मोठ्यानं वाचता का? चष्मा आहे ना?"

मी कागद उलटा केला. वरती छापलं होतं, 'आरोग्य अधिकाऱ्यांची शिफारस'. स्कोअरबोर्ड सुरू झाला होता. मी वाचायला लागलो.

"एक. वृद्धाश्रमाचं दार सोमवारी, बावीस मार्चला उघडावं. आतल्या प्रत्येकाला लसीचे दोन्ही डोस देऊन झालेत आणि त्यावर दोन आठवडे गेलेत. प्रत्येक रहिवाशामागे दोन माणसांची नावं नोंदवावीत. त्यांना खोलीत बसू द्यावं. हात... हात धरू द्यावा."

तिथे मी थांबलो. थांबलो काय, पुढचं दिसेचना. कुणी हसलं नाही. मागे खुर्च्यांखालून कागद ओढून काढल्याचे आवाज येऊ लागले. दोन तास एकोणचाळीस माणसांनी ज्या बाईला फाडून खाल्लं, तिनं आम्हाला हवं होतं तेच दारात छापून ठेवलं होतं! आम्ही त्यावर बसलो. मी तर तिच्याच कागदावर तिला शिव्या लिहिल्या, आणि वाचताना छापील बाजू नेमकी तिच्या तोंडासमोर धरली.

"दोन," ती हळूच म्हणाली. "वेंडेल, दोन वाचा. वेळ आहे अजून."

दुसरं कलम बार, खाणावळी आणि चर्चमधली माणसांची मर्यादा काढायचं होतं. तिसऱ्यात लिहिलं होतं, आजारी असेल त्यानं घरी बसावं आणि घाबरलेल्यानं तिला फोन करावा, खाली तिच्या घरचा नंबर. भोंगा वाजायच्या आत माझं वाचून झालं. बोर्डानं एकमतानं हात वर केले. ज्यांचा भाऊ गेला होता त्या मास्तरणीनं तो घरचा नंबर तळहातावर लिहून घेतला, मी पाहिलं.

मी तिची माफी मागितली का? नाही. टोपी डोक्यावर घातली आणि गाडीत जाऊन बसलो. एवढं मोठं तोंड, आणि ऐन वेळी मूग गिळले.

सोमवारी मी वृद्धाश्रमाच्या दारात पहिला. जोलीन स्वतः दारात वही आणि तापमापक घेऊन उभी.

"वेंडेल ऑस्टबी, भेट मर्नाची," तिनं लिहिलं. "दुसरं नाव?"

"कोणी नाही. कर्ट अ‍ॅरिझोनात आहे."

"मग ओळ रिकामी ठेवते. जा, वाट बघत असेल ती."

मर्ना खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी पुढे जाऊन उभा राहिलो. तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. माझं नाव घेतलं नाही तिनं. म्हणाली, "उशीर केलास."

चाळीस वर्षं दूध पोचवून घरी आलो की हेच ऐकलंय मी! तिथेच खाली बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि लहान पोरासारखा रडलो. तिनं माझी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग एकदम खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, "ती पोरगी आली का आत?"

"कुठली पोरगी?"

"ती नाही का. बर्फात उभी असायची, शेजारच्या खिडकीशी. रोज संध्याकाळी. काचेला हात लावून. तिला कुणी आत घेतलं का?"

मला काही कळेना. चादर बदलत असलेली ट्रूडी थांबली. "शेजारची खोली स्टॅनची होती," ती म्हणाली. "जोलीन यायची काम संपल्यावर. शेवटचे अकरा दिवस रोज. तिच्या बिल्ल्यानं दार उघडलं असतं. मी म्हटलं, ये गं आत, कोण बघतंय. तर म्हणाली, 'वेंडेलला मी नाही म्हणते, मग मी कशी येऊ?'"

मी संध्याकाळी कधी तिथे नसायचोच. दोनला यायचो, चारला जायचो.

"बाहेर थंडी आहे," मर्ना माझ्यावर ओरडली. "जा ना! घेऊन ये तिला."

गेलो. दारात आता वीसेक माणसांची रांग होती. त्या सगळ्यांच्या देखत, सभेत लावला होता तेवढाच आवाज लावून म्हणालो, "जोलीन, मी सभेत जे बोललो ते खोटं होतं. तू आत गेली नव्हतीस. या सगळ्यांनी ऐकावं. आणि मर्नाच्या नावापुढची ती रिकामी ओळ आहे ना, तिथे तुझं नाव लिही. ती बोलावतेय तुला."

जोलीननं वहीतल्या त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "माझी ड्युटी चारपर्यंत आहे," म्हणाली, आणि पुढच्या माणसाला तापमापक लावला.

चार वाजता ती आली. वहीत स्वतःचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि तापमापक माझ्या हातात दिला. "नियम आहे, वेंडेल. बघा." मी तिच्या कपाळाला लावला, आकडा वाचला, तिनं तो लिहून घेतला. मी आयुष्यात खूप माणसं पाहिली आणि बहुतेकांना नावं ठेवली, पण ही बाई आमच्या गावची आहे हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

खोलीत तिला पाहताच मर्नानं हात पुढे केले. "ये, ये बाई. किती गारठलीस." खोली चांगली उबदार होती आणि जोलीन दिवसभर दाराच्या आतच उभी होती. तरी मर्ना तिचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिली, आणि जोलीननं ते काढून घेतले नाहीत.