पाहुणे ‘पुरे’ म्हणेपर्यंत

सर चौथ्यांदा ‘पुरे’ म्हणाले आणि ताटात खिचडीचा पाचवा डाव पडला. मी भिंतीला टेकून गप्प उभी होते. चाचणी चालू असताना मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, हा नियम सरांनीच केलेला.

सर म्हणजे आमच्या संस्थेचे पुण्याचे साहेब. मानवतजवळच्या या शाळेत आमचा बोलका डबा ठेवायचा की परत न्यायचा, ते त्यांच्या रिपोर्टवर ठरणार होतं. डबा गेला की माझी नोकरीही गेली. जीव नुसता टांगणीला लागला होता.

डब्यात माझ्या आवाजातल्या गोष्टी असतात. गोष्ट मध्येच थांबते आणि पुढचं मुलं करून दाखवतात. अशा खेळातून ती कॉम्प्युटरची रीत शिकतात. कॉम्प्युटरला एकच पायरी पुन्हा पुन्हा करायला लावतात, त्याला लूप म्हणतात. तो कधी थांबवायचा, ती अट आधीच सांगावी लागते. पहिलीच्या पोरांसाठी मी अट लिहिली होती: पाहुणे ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाढा, मग बटण दाबा. तालमीत आम्ही खडे वाढले होते. सर म्हणाले, “खडे कशाला? शाळेची खिचडी आहे ना,” आणि स्वतःच पाहुणे होऊन ताटावर बसले.

बटण पहिलीतल्या कोमलकडे होतं. ती दाबेना. बटण दाबेपर्यंत डबा लाडीगोडीने सांगत राहतो, “वाढा, अजून वाढा.” तो आवाज माझाच. रांगेतलं पुढचं पोर डाव भरून तयारच.

“अगं बाळ, पुरे म्हटलं ना मी,” सर म्हणाले.

“सगळेच म्हणतेत, सर,” कोमल म्हणाली. “तुमी लाजायलात.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सहावा डाव पडला. सातव्याला मात्र सरांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. कोमलने तत्काळ बटण दाबलं.

“शाब्बास,” डबा म्हणाला.

“आता का थांबलीस?” सरांनी दमून विचारलं.

“हात आडवा आला की खरं पोट भरलं. मॅडमनं डब्यात चुकीचं सांगितलंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणतात. पहिलीतल्या पोरीने माझा बग शोधला होता, तोही साहेबांच्या पोटात. मग आठवलं, तालमीत पाहुणा झालेलं पोरही ‘पुरे’ म्हणताना ताटावर हात धरायचं. मी पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं.

डबा राहिला, मीही राहिले. अट बदलून रेकॉर्ड केली. तेव्हापासून कुठलीही अट लिहिण्याआधी मी पंगतीत बसून येते. सरांनी रिपोर्टमध्ये कोमलचं कौतुक केलं आणि खाली एक सूचना लिहिली: यापुढे चाचणी खड्यांवरच घ्यावी.