ताईंच्या खिडकीचे दोन पडदे

आमच्या घरात चमचा खाली पडला तर चमच्याकडे कोणी बघत नाही, आधी ताईंच्या खिडकीकडे बघतं. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी या घरात आले तेव्हा साखरेचा डबा कुठे असतो हे मला नंतर कळलं, पडद्याचं आधी सांगितलं गेलं. ताईंच्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडते, त्यामुळे येताजाता दिसतेच. तिचा जाड पडदा ओढलेला असला की आत जायचं नाही, दार वाजवायचं नाही, काही विचारायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. मी बसच्या तिकीट खिडकीवर नोकरी करते. काचेपलीकडच्या बहिऱ्या रांगेवर दिवसभर ओरडायचं आणि घरी येऊन मांजरीच्या पावलांनी फिरायचं, या दोन्हीत माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून गप्प बसत होते.

ताईंना अर्धशिशी. डॉक्टर मायग्रेन म्हणतात, सासूबाई नुसतं 'डोकं' म्हणतात. ताई एका मोठ्या दुकानाच्या कारखान्यात पडदे शिवतात. हॉटेलांचे, कचेऱ्यांचे, नव्या संसारांचे. चुण्या अशा घालतात की दोन चुण्यांत दोऱ्याचाही फरक सापडत नाही. आपल्या खोलीचा पडदा त्यांनी स्वतःच शिवला होता. बाहेरून जाड कापड, मध्ये काळं अस्तर, आत आणखी एक थर, आणि खालच्या दुमडीत शिशाचे गोळे, म्हणजे वाऱ्याने हलून फट पडायला नको. तसला पडदा मी तरी कुठल्या हॉटेलात पाहिलेला नाही.

दुखणं यायचं ते डोळ्यांतून. शिवता शिवता टेपवरचे आकडे एका बाजूने पुसले जायचे, मग तिथे काहीतरी वेडंवाकडं चमकायला लागायचं आणि अर्ध्या तासात डोक्याची एक बाजू कोणीतरी पिळून काढावी तशी ठणकायची. उलट्या व्हायच्या. कांद्याचा वास नको, नळाचा आवाज नको, माणूस तर नकोच. दोन दिवसांनी पडदा सरकवून त्या बाहेर यायच्या, धुऊन वाळत घातल्यासारख्या, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "किती कामं पडली असतील नाही?"

सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी डोक्याला फडकं आवळून बांधायचो आणि कणीक मळायला बसायचो." त्या अजूनही अधूनमधून फडकं बांधतात. त्यांच्या खोलीला पडदा नाहीच. उजेड येतो, ऊन येतं, शेजारणीची नजर येते. "मला काय लपवायचंय?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवलेला. तशा त्या वाईट नाहीत. ताई पडद्याआड गेल्या की भांडी घासताना नळ बारीक सोडणाऱ्या पहिल्या त्याच. तोंडाने मात्र, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मोठे भावोजी फ्रिज दुरुस्त करतात. बंद पडलेल्या फ्रिजशी बोलतात तितकं माणसांशी बोलत नाहीत. त्यांनी बायकोला तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि आम्हाला सगळ्यांना जपायला लावलं. ताईंना ताण नको, ताणाने डोकं उठतं, म्हणून वाईट बातमी त्यांच्या कानावर जाऊ द्यायची नाही असा अलिखित कायदा झाला. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी हॉस्टेलवर शिकते. ती तापाने फणफणली होती तेव्हा भावोजी, सासूबाई आणि मी (माझा नवरा नोकरीपायी बाहेरगावी असतो) आळीपाळीने गॅलरीत जाऊन तिच्याशी फोनवर कुजबुजत होतो. ती बरी होऊन घरी आली आणि तापाचं सहज बोलून गेली.  त्या दिवसापासून ताई आमचे चेहरे वाचायला लागल्या. मी नोकरीवरून थकून आले तरी, "काय झालं? कोणाचा फोन होता?" भावोजी गप्प असले, आणि ते कायमच गप्प असतात, तरी "माझ्यापासून काय लपवताय?" अति तिथे माती म्हणतात ती अशी.

हळूहळू त्यांचं कुठे जाणंच थांबलं. लग्न असलं तर "तिथे गाणी असतील, डोकं उठेल." मैत्रिणीने बोलावलं तर "मधेच उठून यावं लागलं तर तिला वाईट वाटेल." सकाळी उठल्या उठल्या टेप हातात धरून त्याची दोन्ही टोकं बघायच्या, आकडे सगळे दिसतात की नाही ते. दिसले तर आजचा दिवस आपला. मी एकदा चिडून म्हणाले, "अहो ताई, चोर येईल येईल म्हणून रोज रात्री जागायचं, मग तो न येताच झोप चोरून नेतो की." त्या हसल्या. ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, आणि मला ते दिसलंही, पण रांगेत पुढचं गिऱ्हाईक उभं असावं तशी मी पुढच्या कामाला लागले.

मग एकदा पडदा ओढला गेला तो उघडेचना. दोन दिवस झाले, चार झाले, आठवडा उलटला. कारखान्याच्या मालकीणबाईंचे फोन यायला लागले. एका हॉटेलाचं काम अंगावर होतं आणि तसल्या चुण्या घालणारं दुसरं कोणी नव्हतं. आधी त्या काळजीने बोलल्या, मग नुसत्याच बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या की सोमवारपर्यंत ताई आल्या नाहीत तर त्यांच्या मशीनवर दुसरी बाई बसवावी लागेल. आम्ही हेही ताईंना सांगितलं नाही. ताण नको ना! दाराबाहेर ताट ठेवायचं, अर्धंमुर्धं परत आलं की उचलायचं. घरभर चिडीचूप. आम्ही इतके शहाण्यासारखे वागत होतो की विचारू नका.

भावोजी दाराबाहेर स्टुलावर बसून राहायचे, रात्री तिथेच अंथरूण टाकायचे. एकदा मी म्हणाले, "आत जाऊन तर बघा."

"पडदा आहे," ते म्हणाले. जणू समोर भिंत होती.

रविवारी दुपारी धाडकन आवाज झाला. सासूबाई झोपेतून उठल्या, भावोजी स्टुलावरून उठले, मी हातातली कढई तशीच टाकून धावले. ताईंच्या पडद्याची दांडी भिंतीतून निखळून खाली आली होती. तीन थरांचं कापड आणि ते शिशाचे गोळे, भिंत तरी किती दिवस धरून ठेवणार? गॅलरीतून खोली उघडी पडली. दुपारचं ऊन थेट आत शिरलं होतं आणि ताई पलंगाच्या कडेवर, त्या उन्हात, डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या.

मला आधी काय खटकलं ते कळेना. मग कळलं. त्या डोळे मिटत नव्हत्या. दुखण्यात देवघरातल्या दिव्याएवढा उजेड सहन न होणारी बाई भर उन्हात बसली होती. आम्ही पहिल्या दिवशी ताटाबरोबर दिलेला ओला रुमाल उशाशी घडीसकट वाळून कडक झाला होता. उलटीसाठीची बादली कोरडी होती.

"ताई, ऊन येतंय तोंडावर," मी आत शिरून म्हणाले. माझा आवाज कुजबुजता नव्हता, तिकीट खिडकीवरचा होता.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "डोकं दुखत नाहीये."

"कधीपासून दुखत नाहीये?"

"दुसऱ्या दिवशीच थांबलं."

"मग पडदा?"

त्यांनी खाली पडलेल्या कापडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उठवतच नाही गं. काही दुखत नाही आणि उठवत नाही. दुखत असतं तर सांगता तरी आलं असतं. हे काय म्हणून सांगू? वाटत होतं, कोणीतरी येईल आत. तुमची पावलं यायची दारापर्यंत आणि परत जायची."

"अहो, पण तुम्हीच नियम केलात!" मी ओरडलेच.

"डोक्यासाठी केला होता," ताई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. दुखण्याने रडताना मी त्यांना पाहिलं होतं. हे रडणं निराळं होतं, त्याला आवाज नव्हता.

दारात भावोजी उभे होते. आत यायचं की नाही हे अजूनही त्यांना ठरवता येत नव्हतं. मला त्यांचा संताप आला आणि त्याच वेळी इतकी कीव आली की मीच त्यांना हात धरून आत ओढलं. त्यांनी पडलेली दांडी उचलली आणि ती कुठे ठेवायची ते न कळून हातात धरूनच बायकोशेजारी बसले.

मागून सासूबाई म्हणाल्या, "मनाचं बिनाचं काही नसतं. कामाला लागली की जाईल." पण त्या दारातून हलल्या नाहीत.

मी त्याच वेळी मालकीणबाईंचा सोमवारही सांगून टाकला. भावोजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू फ्रिजचा गॅस मीच सोडून दिलाय. ताईंनी डोळे पुसले. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं याहून वाईट काहीतरी आहे." मग त्यांनी स्वतः फोन करून महिनाभराची सुट्टी मागितली. मालकीणबाई तणतणल्या, पण हो म्हणाल्या. त्यांना कुठे मिळणार होत्या तसल्या चुण्या?

डॉक्टरांकडे ताईंबरोबर मी गेले. आजवर त्यांना तिथे एकच विचारलं जायचं, कधी दुखतं, किती दुखतं, कुठे दुखतं. या डॉक्टरबाई नव्या होत्या. त्यांनी ते सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "आणि एक दुखणं गेल्यापासून दुसरं येईपर्यंत कशा असता?"

 "वाट बघते," ताई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या की एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन खोल्या असतात, एकीत ओल आली की पुष्कळदा दुसरीतही येते. अर्धशिशी असलेल्यांना काळजीचा किंवा उदासपणाचा आजार इतरांपेक्षा जास्त होतो, आणि तो असला की अर्धशिशीही जास्त छळते. "यातलं एक खरं आणि एक मनाचे खेळ, असं नाही. दोन्ही आजार आहेत, आणि दोन्हींवर उपाय करायचे." त्यांनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला एका बाईंकडे पाठवलं. ताईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी सोंग करत नव्हते ना?"  इतकी वर्षं ही बाई हा प्रश्न घेऊन पडदे शिवत होती.

यापुढे सगळं छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. झालं नाही. गोळ्यांनी पहिले काही आठवडे तोंडाला कोरड पडली, झोप उडाली, डोकं दोनदा उठलं. बोलायला जायचा दिवस आला की ताई तोंड पाडून बसायच्या आणि मी त्यांना ढकलत न्यायची. मीही थकले. घरातल्या एका माणसाचं दुखणं सगळं घर मिळून उचलतं, पण ते हलकं होत नाही, नुसतं वाटून घेतलं जातं.

भावोजींनी भिंतीत नवे खिळे ठोकून दांडी बसवली, आणि ताईंच्या सांगण्यावरून तिच्यापुढे दुसरीही. ताईंनी घरच्या मशीनवर एक पातळ पडदा शिवला, साधा, पांढरा, अस्तर नसलेला. मग आम्हाला सगळ्यांना गॅलरीत उभं करून शिकवलं. जाड पडदा ओढला असेल तर डोकं आहे, येऊ नका. नुसता पातळ असेल तर या.

"येऊन काय करायचं?" भावोजींनी विचारलं. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता.

"काही नाही. यायचं."

पहिल्यांदा पातळ पडदा दिसला तेव्हा आमची त्रेधा उडाली. सासूबाई म्हणाल्या तू जा, तुला बोलता येतं. मी म्हणाले मला ओरडता येतं, बोलता येत नाही. आमचं चाललेलं असतानाच भावोजींनी ओट्यावरची मटारच्या शेंगांची परात उचलली आणि आत जाऊन बसले. मी खिडकीतून पाहिलं. ते शेंगा सोलत होते, ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.  मटार संपले तरी भावोजी उठले नाहीत, सालंच चाळत बसले. बऱ्याच वेळाने ताईंचा हात परातीत आला आणि त्यांनी सालांत राहिलेला एक दाणा काढून त्यांना दाखवला.

आता ताई पुन्हा कारखान्यात जातात, आठवड्यातले थोडे दिवस. सकाळी टेपची टोकं अजून बघतात, पण मग तो गळ्यात अडकवून निघतात. जाड पडदा ओढला जातो, पातळही ओढला जातो. आम्ही सरावलो.

परवा दुपारी सासूबाईंनी ताईंना हाक मारली. डोक्याला फडकं आवळलेलं होतं. "तुझा टेप घेऊन ये. माझ्या खिडकीचं माप घे."

मी दारातूनच म्हणाले, "काय लपवायचंय आता?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"घेते की," ताई म्हणाल्या. "डोकं फार दुखतंय का? जाड शिवू?"

सासूबाईंनी फडक्याची गाठ चाचपली. सोडली नाही, नुसतीच धरून ठेवली.

"पातळच शिव," त्या म्हणाल्या.

 ताईंनी टेप उलगडला, खिडकीकडे दोन पावलं टाकली आणि थांबल्या. मग टेप गळ्यात अडकवून त्या मागे वळल्या आणि सासूबाईंच्या शेजारी पलंगावर जाऊन बसल्या.