उजवा कौल

देवीनं माझा डोळा बरा केला, असं आमच्या कोळीवाड्यात आजही कुणी म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते. बांबूंवर बोंबील टांगताना एका डोळ्यासमोर ठिणग्या उडाल्या आणि संध्याकाळपर्यंत खालून काळा पडदा वर चढला. डॉक्टरनं तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, तोवर दोन्ही डोळे बांधून उताणी निजवा, म्हणाला.

माझा सासरा होडीचा मालक. वाड्यात त्याच्या शब्दाला मान, पण मी त्याला मनात कधी अहोजाहो केलं नाही. मुंबईची लाँच गाठायची सोडून तो देवळात गेला. देवीच्या पाषाणाला चाफ्याच्या ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला, सून इथंच ठेवू का? उजवी पाकळी पडली. कुठलीतरी पडणारच होती. घरी येऊन म्हणाला, "देवी व्हय म्हनली. ममईला नाय जायाचं." नवऱ्यानं बापाचं ऐकून माझी चटई अंथरली.

मी डोळे बांधून पडून राहिले. धाकटी नणंद मला भात भरवायची, केस विंचरायची, वाड्यातल्या भांडणांच्या नकला करून हसवायची. पट्टी सोडली तेव्हा तो काळा पडदा ओसरला होता. पुढे मुंबईच्या एका डॉक्टरनं सांगितलं, निपचित पडून राहिल्यानं असं होतं कधीकधी, पण क्वचित, नशीब समजा. हे मी घरी सांगितलं तर सासरा हसला. तोवर त्याच्या ओटीवर लोक डोळे दाखवायला येऊ लागले होते.

मग नणंदेला तेच झालं. त्याच ठिणग्या, तोच पडदा. मुंबईला न्यायला मी तिला हात धरून लाँचच्या धक्क्यापर्यंत नेलं. सासऱ्यानं चारचौघांत तिला मागं ओढलं. या खेपेला कौलसुद्धा लावला नाही. मला म्हणाला,

"देवीनं येकदा सांगितलंय. तुजा डोला हाय ना साक्षीला?"

माझाच डोळा, आणि साक्ष त्या माणसाच्या बाजूनं!

तिला माझ्याच चटईवर निजवलं. आता मी भरवत होते. पट्टी सोडली तेव्हा त्या डोळ्याला दिवासुद्धा दिसत नव्हता.

"वयनी, तुजा कसा गो बरा झाला?" एवढंच तिनं विचारलं. मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला. तिचं ठरलेलं लग्नही मोडलं.

काही वर्षांनी सासऱ्याला मोतीबिंदू झाला. मी चाफ्याची फुलं ताटात घालून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "लावा कौल."

त्यानं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचनं तो ऑपरेशनला मुंबईला गेला. धक्क्यापर्यंत त्याचं गाठोडं नणंदेनं वाहिलं, एका डोळ्यानं अंदाज घेत, चिखलात जपून पाय टाकत.