बसऱ्याचे सुभेदार

पहिलं महायुद्ध कुणी जिंकलं याबद्दल इतिहासकारांत मतभेद असतील, पण वडूजच्या बाजूला आमच्या गावात ते कधीच नव्हते. ते आमच्या शेजारच्या सुभेदारांनी जिंकलं होतं. बाकीचेही होते, नाही असं नाही. पण ते सगळे इराकात, बसऱ्याच्या वाळवंटात सुभेदारांच्या मागे होते. 'सुभेदार' हा हुद्दा मात्र त्यांना सरकारने दिलेला नव्हता. सरकारने त्यांना साधा शिपाई म्हणून नेलं आणि साधा शिपाई म्हणूनच परत पाठवलं. पुढच्या बढत्या गावाने दिल्या. परत आले तेव्हा लोक त्यांना नाईक म्हणू लागले, मुलगी झाली तेव्हा ते हवालदार झाले, आणि मिरजेहून कायमचे घरी आले तेव्हा पिकलेल्या मिशा बघून गावाने त्यांना सुभेदार केलं. आणखी जगते तर जनरलही झाले असते, आणि त्यांनी ते नाइलाजाने स्वीकारलं असतं.

मिरजेला ते काय करत होते, हे विचारायची सोय नव्हती. फौजेत ते जेमतेम दोन-तीन वर्षं होते. उमेदीची बाकी सगळी वर्षं त्यांनी रेल्वेत इंजिनांवर कोळसा चढवण्यात घालवली. डोक्यावर टोपली, फळीवरून वर, इंजिनामागच्या हौद्यात कोळसा ओतायचा आणि पुन्हा खाली. पण त्यांच्या तोंडून कोळशाचा 'क' कधी निघाला नाही. "रेल्वेत हुतो," एवढंच सांगायचे, आणि तेही अशा थाटात, की मिरजेच्या गाड्या यांना विचारल्याशिवाय हलत नसाव्यात. रोज आंघोळीला लिंबू घासूनही नखांतली काजळी हटत नव्हती, आणि खोकला तर सोबतच आला होता. पण तो खोकलाही ते बसऱ्याच्या वाळूचा आहे असं सांगत. भर वैशाखात अंगात खाकी कोट. म्हशीला ते "सावधान" म्हणायचे आणि ती उठून उभी राहायची; खरं म्हणजे ती तिची धारेची वेळच असायची, पण सुभेदारांचा त्यावर विश्वास नव्हता. एकदा पाटलांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. लोक घागरी घेऊन धावले, तर सुभेदारांनी सगळ्यांना थांबवून विहिरीपर्यंत रांग लावायला घेतली. कुणी पुढे, कुणी मागे. सुभेदार एकेकाला खांद्याला धरून नीट करत होते. रांग सरळ झाली तोवर गंजीची राख झाली होती. पाटील डोक्याला हात लावून बसले, तर सुभेदार म्हणाले, "पर रांग बघा, पाटील. बसऱ्यालाबी अशी लागली न्हवती."

मग दुसरी लढाई सुरू झाली आणि सुभेदारांचे दिवस आले. भरतीवाले येणार अशी आवई उठली, की गावची पोरं छाती फुगवायला त्यांच्या अंगणात जमायची. सुभेदार काठी घेऊन त्यांना "पीछे मूड" करायचे. कितीतरी पोरं त्या अंगणातून थेट फौजेत गेली. आमच्या मुलखात घरातला एक फौजेत असणं म्हणजे देवघरात देव असण्याइतकंच साधं. त्यामुळे त्यांच्या हौसाला माणदेशातल्या एका रजेवर आलेल्या शिपायाचं स्थळ आलं, तेव्हा सुपारी फुटल्यातच जमा आहे, असं सगळ्यांनी धरलं.

बैठकीला मीही होतो. मुलगा उंच, शांत, खाकीतच आलेला. हौसा आत चुलीपाशी असायला हवी होती, पण दाराच्या फटीत तिचा डोळा दिसत होता, आणि त्या डोळ्याने पसंती केव्हाच दिली होती. सुभेदारांनी रिवाज उलटा केला. मुलगी दाखवायच्या आधी मुलाला अंगणात नेलं आणि सगळ्यांसमोर त्याची कवायत घेतली. मुलगा एका जागीही चुकला नाही. सुभेदारांनी काठी टेकली.

"पोरगा नंबरी हाय," ते म्हणाले. मुलाच्या चुलत्याने हसत सुपारीला हात घातला. "म्हनूनच पोरगी द्यायची न्हाई," सुभेदार पुढे म्हणाले.

चुलत्याचा हात तसाच राहिला. सुभेदारांची बायको पदर सावरायचं विसरून बाहेर आली. "आवं, जल्मभर फौज फौज केलंसा, आन आता?"

"बसऱ्याला माज्या डाव्या अंगाला असाच एक हुता. चाल बी अशीच. त्याला मी तितंच वाळूत ठिवून आलो. त्याच्या घरला सांगायला बी मीच गेलो हुतो." सुभेदारांना खोकल्याची उबळ आली. "हौसाला कोळशावरला बगा कुनीतरी. काळा हुईल, पर सांजच्याला घरी येतोय."

"मग लोकांची पोरं धाडताना कुटं गेला हुता ह्यो शानपना?" बायकोने विचारलं. गावाच्या वतीने तो प्रश्न मीही विचारला असता, पण मला धीर झाला नाही. सुभेदारांनी काठी उचलून भिंतीला लावली. मुलाने त्यांना सलाम केला आणि मुलाकडची माणसं भाकरीला हात न लावता उठली.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातली कवायत बंद झाली. हौसाचं लग्न मिरजेच्या एका कोळसेवाल्याशी झालं. माणूस सरळ, निर्व्यसनी. तिने आदळआपट केली नाही, पण बापाशी लागेल तेवढंच बोलू लागली. आणि सुभेदारांना एक नवीन खोड लागली. माणदेशाकडून कुणी बाजाराला आलं, की त्याला गाठून त्या शिपायाची खबर विचारायची. लोक म्हणायचे, म्हातारा पस्तावला. मला तसं वाटत नव्हतं. मला वाटे, म्हातारा घाबरलाय.

लढाई संपली आणि एका दुपारी तो मुलगा रस्त्याने येताना दिसला; सुभेदार आपली खबर विचारतात हे त्याच्या कानावर गेलं असावं. सुभेदार अनवाणी धावले. त्याचे दंड, मनगटं, खांदे बाजारात बैल चाचपावा तसे चाचपून पाहिले.

"समदं जाग्यावर हाय न्हवं? लय झ्याक झालं! मी चुकलो रं गड्या, लय झ्याक झालं!" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण खोटे ठरलो म्हणून इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हौसा तेव्हा माहेरपणाला आली होती, कडेवर मूल होतं. गुळाचा चहा तिनेच आणला. कपबशी ठेवून ती लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली.

"बरी हाईस न्हवं?" त्याने विचारलं.

"व्हय. तुमी?"

"मीबी."

एवढंच. तो गेला तरी ती दाराशीच होती. सुभेदारांचं हसू एव्हाना मावळलं होतं.

"हौसा," ते हळूच म्हणाले, "तुजं वाटूळं केलं का गं म्या?"

तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "चा निवला तुमचा, आबा," ती म्हणाली, आणि कप उचलून तो पुन्हा ऊन करायला आत गेली.