पहिला हात

ग्रामसभेत सरपंचांनी विचारलं, "शाळेचं मैदान गोदामाला द्यायचं. मंजूर?" पहिल्या रांगेत एक हात वर गेला आणि त्याच्याकडे बघत बघत मागचे हातही वर झाले. माझ्या शेजारच्या शांताकाकूंचाही. त्यांची नात रोज त्याच मैदानावर धावायचा सराव करते.

"काकू, अहो हे काय?"

"अगं, सगळ्यांनीच केला ना वर! मी एकटीच कशी बसू?"

संताप आला. त्या 'सगळ्यां'तला प्रत्येकजण मनात हेच म्हणत असणार. एवढी माणसं, आणि मत मात्र पहिल्या रांगेतल्या एका हाताचं! मग विरोधातला पहिला हात आपणच व्हायचं.

मी उठले. "माझा विरोध लिहून घ्या."

अख्खी सभा वळून बघू लागली. काकूंनी हळूच हात खाली घेतला.